मालवणात स्कूबाला गेलात आणि पाऊस लागला: किनाऱ्यावरचा दिवस कसा काढावा

मालवण-तारकर्लीचा डायव्हिंगचा हंगाम कागदावर सप्टेंबर ते मे असा असतो. मे अखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद असतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर गडगडाट करत येतो आणि मे महिन्यात वळीव कधीही गाठतो, हे मात्र बुकिंग करताना कोणाच्या लक्षात येत नाही. अरबी समुद्रात वादळ असेल तर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब असूनही ते इथलं पाणी ढवळून काढतं. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार आणि मे २०२१ मधलं तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीला चांगलंच लक्षात आहे.

म्हणजे तीन-चार दिवसांच्या सहलीत एक दिवस पावसात जाणार, हे धरूनच चालायचं. तो दिवस नीट वापरला तर दुसऱ्या दिवशीची डाईव्ह चांगली होते. खोलीत पत्ते कुटत आणि बाटल्या उघडत घालवला, तर दुसरा दिवसही हातचा जातो.

आधी हे हाताशी ठेवा

- आधारकार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स
- बुकिंगची पावती आणि आगाऊ रक्कम भरल्याचा स्क्रीनशॉट
- प्रमाणित डायव्हर असाल तर कार्ड आणि लॉगबुक (डाईव्हची नोंदवही). नसाल तर भरलेला वैद्यकीय प्रश्नावलीचा फॉर्म
- रोख दोन-तीन हजार, सुट्ट्यांसह. पावसात लाईट जाते, लाईटपाठोपाठ नेटवर्क जातं आणि मग फोनवरून पैसे देता येत नाहीत
- दोन जास्तीचे टॉवेल, जाड खांद्यांचा हँगर, सुतळी, झिपच्या पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या
- टॉर्च आणि पॉवर बँक

१. बोट नेमकी कशामुळे रद्द झाली, ते आधी समजून घ्या

नवख्या माणसाला वाटतं, पाऊस आला म्हणून डाईव्ह रद्द झाली. नुसत्या पावसाने काही बिघडत नाही. पाच-सहा मीटर खाली गेल्यावर वर पाऊस पडतोय हे कळतही नाही. डाईव्ह बंद पडते ती वारा, लाटा, वीज आणि गढूळ पाणी या चार कारणांनी. चौघांचा हिशेब वेगवेगळा आहे.

*वारा आणि लाटा.* समुद्रावर जागोजागी पांढरा फेस फुटायला लागला, की वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा. अशा वेळी डाईव्हपेक्षा बोटीवर परत चढताना धोका जास्त असतो. शिडी लाटेबरोबर वर-खाली आपटते आणि पाठीवर सिलिंडर असलेला माणूस तिच्याखाली येतो. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला, बोट सुटणार नाही. ‘थोडे जास्त पैसे घ्या पण न्या’ असं म्हणू नका. त्यावर जो ‘हो’ म्हणेल, त्याच्या बोटीत तर मुळीच बसू नका.

*वीज.* चमकणं आणि गडगडणं यांच्यामधले सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर निदान ३० मिनिटं पाण्यापासून लांब राहायचं. ऑक्टोबरातल्या सरी बहुतेक दुपारनंतरच्या असतात. म्हणून या महिन्यात नेहमी सकाळची पहिली बोट मागा.

*गढूळ पाणी.* लोक इथेच फसतात. दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला कोळंबची खाडी आहे. घाटाकडे जोराचा पाऊस झाला की तांबूस पाणी या मुखांतून बाहेर येतं आणि किनाऱ्यालगत पसरतं. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते वरच्या थरात तरंगत राहतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र, समुद्र शांत, आणि तरी खाली हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, असं होतं. मोठ्या पावसानंतर पाणी निवळायला एक-दोन दिवस लागतात. ऑपरेटरला सकाळी ‘बोट जाणार का?’ एवढंच विचारू नका, ‘खाली किती मीटर दिसतंय?’ असं विचारा. दोन मीटरच्या आत असेल तर पैसे वाया घालवू नका.

*पाहायचं काय?* हवामान खात्याचा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा पिवळा-नारिंगी-लाल इशारा, गोव्याच्या रडारचं चित्र आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज. फोनमधल्या साध्या हवामान ॲपवरचं ढगाचं चित्र इथे फारसं उपयोगाचं नाही. ते लाटांबद्दल काहीच सांगत नाही.

२. ऑपरेटरशी बोलणं लगेच उरका

रद्द झाल्याचं कळलं की पहिल्या तासाभरात फोन करा. त्या दिवशीचे सगळेच पर्यटक दुसऱ्या दिवशीच्या बोटी मागणार असतात आणि सकाळच्या जागा आधी संपतात. चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: तारीख बदलून मिळेल की पैसे परत, पुढची बोट किती वाजता, एका प्रशिक्षकामागे किती जण, आणि पुन्हा रद्द झाली तर काय. जे ठरेल ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. ‘बघू उद्या’ हे उत्तर तोंडी चालतं, पैशांच्या बाबतीत चालत नाही.

सलग दोन-तीन दिवस पाणी खराब असेल आणि तुम्ही ओपन वॉटर कोर्सला (डायव्हरचं पहिलं प्रमाणपत्र देणाऱ्या) आला असाल, तर थिअरी आणि तलावातला भाग उरकून घेता येतो का ते विचारा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे सरावाचा खोल तलाव आहे. विजा चमकत नसतील तर पाऊस पडत असतानाही तलावातला सराव होऊ शकतो. कोर्समधली २०० मीटर पोहण्याची आणि दहा मिनिटं तरंगण्याची चाचणी या दिवशी आटोपली, तर समुद्रातल्या चार डाईव्हसाठी पुढचे दिवस मोकळे राहतात.

३. सामान धुवा आणि वाळवा

दमट हवेत सामान आपोआप वाळत नाही, वाळवावं लागतं. भाड्याचं सामान वापरत असाल तर तुमच्याकडे मास्क, स्नॉर्केल (श्वासाची नळी) आणि फारतर फिन्स (पायातली वल्ही) असतील, त्यांना दहा मिनिटं पुरे. स्वतःचं सगळं असेल तर अर्धी सकाळ काढून ठेवा.

*रेग्युलेटर.* सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं हे यंत्र. त्याचा सिलिंडरला जोडायचा भाग म्हणजे फर्स्ट स्टेज. त्याची टोपी कोरडी करून घट्ट लावलीय ना, हे आधी बघा. मग गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास भिजत ठेवा. भिजत असताना तोंडात धरायच्या भागावरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण अजिबात दाबू नका. दाबलं तर झडप उघडते आणि बादलीतलं खारट पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. महिन्या-दोन महिन्यांनी आत गंज दिसला, की त्याचं मूळ पुष्कळदा या एका बटणात असतं. धुऊन झाल्यावर होज मुडपू नका, मोठी गोल वळी करून खुर्चीच्या पाठीवर टाका. खिळ्याला टांगला तर सगळा भार सांध्यावर येतो.

*बीसीडी.* म्हणजे हवा भरून तरंगायचं जाकीट. बाहेरून धुणं सोपं असतं, आतून धुवायचं लोक विसरतात. तोंडाने फुगवायच्या नळीतून दोन-तीन तांबे गोडं पाणी आत घाला, थोडी हवा भरा, उलटसुलट हलवा, मग उलटं धरून पाणी काढा. दोनदा करा. नंतर अर्धं फुगवून ठेवा, म्हणजे आतले पापुद्रे एकमेकांना चिकटणार नाहीत.

*वेटसूट.* पाण्यात घालायचा हा अंगाला घट्ट बसणारा पोशाख आधी उलटा करून वाळवा, कारण उद्या अंगाला आतली बाजू लागणार आहे. बारीक तारेचा हँगर नको, खांद्यावर कायमच्या घड्या पडतात. बाल्कनीत टांगून ‘पावसानेच धुऊन निघेल’ म्हणून सोडून देऊ नका, सकाळी कुबट वास येतो. पंख्याखाली ठेवा. लाईट गेली असेल तर जमिनीवर कोरडा टॉवेल पसरा, त्यावर सूट, वर दुसरा टॉवेल, आणि सगळ्याची गुंडाळी करून तिच्यावर चाला. बरंचसं पाणी टॉवेलात उतरतं. न्याहारी निवासात असाल तर चुलीच्या किंवा गॅसच्या जवळ ठेवायचा मोह आवरा. उष्णतेने सूटचं निओप्रीन (फेसाळ रबर) कडक होतं.

*मास्क.* नवा मास्क असेल तर काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्याच्यामुळे काचेवर सारखं धुकं धरतं. साधी पांढरी टूथपेस्ट (जेलची नको) काचेच्या आतल्या बाजूने बोटाने चोळा, धुवा, पुन्हा चोळा. तीन-चार वेळा. काचेवर खास लेप असेल किंवा काच प्लॅस्टिकची असेल तर हा उपाय करू नका. मिशी असलेल्यांचा मास्क गळतो. त्यावर व्हॅसलीन लावा असं कोणीतरी हमखास सांगतं. त्याने मास्कचा रबरी भाग खराब होतो. सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर नाकाखालची बोटभर मिशी कमी करा.

*कॅमेरा.* एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढला की लेन्सवर बाष्प धरतं. पिशवी न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, एक केस अडकला तरी पाणी आत जातं. टॉर्चच्या उजेडात ती बोटांत फिरवून बघा. हे काम सकाळी बोटीच्या घाईत कधीच नीट होत नाही.

४. शरीराला सुट्टी द्या, आणि घाट चढू नका

आदल्या दिवशी डाईव्ह झाली असेल तर अंगात नायट्रोजन अजून शिल्लक असतो. उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमानासाठी नियम असतो: एका साध्या डाईव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाईव्ह किंवा सलग दिवसांच्या डाईव्हनंतर निदान १८ तास. सकाळी ११ वाजता शेवटची डाईव्ह संपली असेल, तर १८ तास दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता भरतात. चिपी किंवा मोपा विमानतळाचं तिकीट काढताना हे गणित आधी करा.

विमानाचं बहुतेकांना माहीत असतं, घाटाचं नसतं. पाऊस पडतोय म्हटल्यावर कोणीतरी म्हणतंच, ‘चला, आंबोलीला धबधबे बघून येऊ.’ आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर गेलात की तुम्ही उंचीवर आलात. डाईव्हनंतर चार तासांत गाडी घाटमाथ्यावर नेणं म्हणजे छोटं विमान पकडण्यासारखंच आहे. फोंडा आणि गगनबावडा घाटांनी कोल्हापूर-पुण्याकडे परतणाऱ्यांनाही हेच लागू. उथळ डाईव्हला धोका कमी असतो, हे खरं. पण आंबोली कुठे पळून जात नाही. डायव्हिंगच्या आधीचा दिवस तिच्यासाठी ठेवा.

या दिवशी सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे किंवा विश्रांतीनेही न जाणारा थकवा जाणवला, तर ‘काल पोहलो म्हणून’ असं समजून झोपू नका. ऑपरेटरला कळवा, त्याच्याकडचा ऑक्सिजन मागा, १०८ वर फोन करा आणि डॉक्टरांना डाईव्हची खोली आणि वेळ सांगा. समुद्रात कोणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

सर्दी झाली असेल तर डाईव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन खाली गेलात आणि तिचा अंमल पाण्याखालीच उतरला, तर वर येताना हवा सायनसमध्ये अडकते. ते दुखणं पुढची सहल खातं. दारूबद्दल एवढंच: दुसऱ्या दिवशी डाईव्ह असेल तर आज नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असणं आणि बोटीवरची मळमळ, दोन्ही तिच्यामुळे वाढतात.

५. खोलीतल्या खोलीत सराव

पहिल्यांदाच डाईव्ह करणाऱ्यांसाठी हा तास सोन्याचा आहे.

हाताच्या खुणा पाठ करा. सगळ्यात मोठा घोटाळा अंगठ्याचा. ‘मस्त चाललंय’ म्हणून लोक अंगठा वर करतात. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा आहे. प्रशिक्षक बिचारा नियमाप्रमाणे तुम्हाला वर आणतो आणि तुमच्या पंधरा-वीस मिनिटांतली पाच जातात. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल. कान दुखत असेल तर पंजा आडवा हलवून ‘गडबड आहे’ आणि मग कानाकडे बोट.

कानांवरचा दाब जुळवायलाही शिका: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकातून हवा सोडल्यासारखं हळूच फुंका. दोन्ही कानांत ‘टक’ झालं पाहिजे. जोर लावायचा नाही. पाण्यात हे दुखायला लागण्याआधी, दर मीटरला करायचं असतं.

मग मास्क लावून, स्नॉर्केल तोंडात धरून दहा मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. खोलीतले बाकीचे हसतील. हसू द्या. खाली गेल्यावर घाबरणारी माणसं पुष्कळदा नाकाने श्वास घ्यायच्या सवयीमुळे घाबरतात.

६. बाहेर पडायचं तर कुठे

किनारा सोडून आत जा. रॉक गार्डनच्या खडकांवर पावसात शेवाळ असतं आणि उधाणाची लाट मागून येते, तिथे फोटोसाठी पुढे जाऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही समुद्र खवळला की बंद असतात.

पाऊस तासभर थांबला तर मोरयाचा धोंडा गाठा. किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ला झाली, तेव्हाची पूजा या खडकापाशी झाली असं सांगतात. खडकावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले आहेत आणि समोर किल्ला दिसतो. पायात पकड असलेली चप्पल हवी.

अर्धा दिवस असेल तर धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ, तिथून पुढे वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर. दोन्हीकडे पावसात जास्त शोभा असते. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची कला बघता येते, चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जाण्याआधी फोन करा, कलाकार घरी आहेत का ते विचारा.

पूर्ण दिवस रिकामा असेल तर सावंतवाडी. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले पत्ते) रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येकाची बारा. चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं. रंग पक्का आहे का ते ओल्या रुमालाने पुसून बघा, दुकानदार रागावत नाही. परतताना अंधार पडायच्या आत महामार्ग सोडून मालवणच्या फाट्याला लागा. आतल्या रस्त्यांवर झाडं पडतात. एसटीने जाणार असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारूनच बसा.

७. जेवण आणि खरेदी

न्याहारी निवासात जेवायचं असेल तर वहिनींना सकाळी नऊच्या आत सांगा. वादळी हवेत होड्या बाहेर जात नाहीत, तेव्हा ताजा मासा महाग असतो किंवा नसतोच. ‘सुरमई का नाही?’ म्हणून वाद घालू नका. बर्फातली सुरमई खाण्यापेक्षा त्या दिवशी काळ्या वाटाण्याची आमटी किंवा कोंबडी-वडे चांगले. मात्र वडे दुपारीच खा. रात्री तळलेलं पोटात घेऊन सकाळी डुलत्या बोटीवर गेलात तर मासेच तुमच्यावर जेवतील.

मालवणच्या भरड भागात आणि बाजारपेठेत आगळ, कोकम, मसाला, खाजा, काजू मिळतात. आगळ आणि अमृत कोकम यांत गल्लत करू नका. आगळ खारट असतं, सोलकढीला तेच लागतं. अमृत कोकम गोड, सरबताचं. कोकमं घेताना हातात दाबून बघा: मऊ आणि काळपट जांभळी हवीत. पाणी सुटलेली असतील तर पावसाची हवा लागलीय, घरी नेईपर्यंत बुरशी येईल. आगळाची बाटली विमानात चेक-इनच्या सामानातच टाका. बुचाखाली प्लॅस्टिकचा तुकडा, वरून चिकटपट्टी, मग झिपची पिशवी, आणि ही पिशवी पांढऱ्या कपड्यांपासून लांब.

८. उद्याचा निर्णय आज रात्री

झोपण्याआधी भरतीची वेळ काढा. भरतीला समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं आणि ओहोटीला खाडीचा गाळ बाहेर पडतो. म्हणून पावसानंतरच्या दिवशी भरतीच्या आसपासची बोट चांगली. तक्ता नसेल तर जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा. एकादशी असेल तर अकरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाआठच्या सुमारास भरती. अंदाजच आहे, पण बोट आठची घ्यावी की अकराची हे त्याने ठरतं.

सकाळी सहाला ऑपरेटरला फोन, सातला हलकी न्याहारी. घावणे किंवा आंबोळी, चहा अर्धा कप. बोट लागत असेल तर गोळी बोटीच्या तासभर आधी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. गुंगी आणणारी गोळी असेल तर ती डाईव्हच्या दिवशी पहिल्यांदाच घेऊ नका. रिकाम्या दिवशी घेऊन झोप किती येते ते बघून ठेवा, त्यासाठी पावसाच्या दिवसाइतका सोयीचा दिवस दुसरा नाही.